मनी अजून अकरा वर्षांची

१३ सप्टें., शनि.
फोपनारच्या शाळेत शेवटच्या तासाला माझ्या कादंबरीचं प्रकरण ९ वाचलं. शाळा हिंदी, पण पोरं घरी मराठी बोलतात, म्हणून शनिवारचा हा तास माझा. त्यातली मनी नदीखालच्या राज्यात जादूगारणीला चकवते आणि वर्षातून एकदा अंगणातल्या बोलक्या केळीला, केळआईला, भेटायला वर येते. केळआई दर वर्षी तिच्यासाठी घड तयार ठेवते. मला वाटलं, आता पोरांचे डोळे भरून येणार. आठवीतली दुर्गा उभी राहिली. "मॅडम, झूठ आहे हे. केळ एकच बार घड देते. मंग तिले कापतेत."
सगळा वर्ग हसला. जन्म याच बुऱ्हाणपूर जिल्ह्यातला, वडील कागद कारखान्यात, आणि मी केळी फक्त डझनावर घेतलेली. सात वर्षं लिहितेय. लाज वाटली.

१५ सप्टें., सोम.
एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा. दूध-पोळी.
कादंबरी सुरू केली ती लेकीसाठी, सईसाठी. अकरा वर्षांची होती. रोज एक पान लिहायचं, तिला वाचून दाखवायचं. आता स. पुण्यात कॉलेजला, अठरा पूर्ण. मनी मात्र अजून अकराच. स.ने एकदा विचारलं होतं, "आई, ही मोठी का होत नाही गं?" जादू आहे, म्हटलं होतं.

२१ सप्टें., रवि.
स.चा फोन. दिवाळीत मैत्रिणींबरोबर कोकणात जायचं म्हणते. "रागावली नाहीस ना?" नाही म्हटलं. चकलीचा सोऱ्या घासायला काढला होता, तो परत माळ्यावर टाकला. रागावले होते.

२७ सप्टें., शनि.
शाळा सुटल्यावर दुर्गाच्या वडिलांचा मळा पाहिला. "घड उतरला का हिचं काम झालं, ताई. मंग हे पील." बुडाशी चार-पाच पिलं फुटतात, एकच ठेवतात. विचारलं, मोठं झाड मुळासकट काढता? "नाही. आधं खोड राहू देतो. त्याचं पाणी पिलाले भेटते."
चिखलात माझी चप्पल रुतली. दुर्गाने हात धरून बाहेर काढलं आणि म्हणाली, "आता बरोबर लिहा." हुकूमच.

५ ऑक्टो., रवि.
शेवटचं प्र. १४ नव्याने लिहिलं. मनी अठराची होऊन परत येते. केळआई नाही. कमरेएवढं खोड, आणि बाजूला मनीच्या डोक्याहून उंच पील. ते बोलत नाही. लिहिताना रडले, पण खोडलं काही नाही. पुढे मनी राहते की जाते, ठरेना. तसंच स.ला पाठवलं.

८ ऑक्टो., बुध.
स.चा फोन, कॉलेजमधूनच. "केळआईला का मारलंस? तुला बरं नाहीये का? काही लपवतेयस?"
केळीचं असंच असतं, एवढं सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "जरा खोकला आहे. पंधरा दिवस झाले."
खोकला नाही. साधी शिंकसुद्धा नाही.
"मी येते दिवाळीला. कोकण राहू दे." मी नको म्हटलं नाही. दिवसभर खूश होते, आणि स्वतःची किळसही आली.

११ ऑक्टो., शनि.
वर्गात प्र. १४. कुणी हसलं नाही. दुर्गा म्हणाली, "हां, आता सही आहे. पण मनी थांबली का गेली?" अजून लिहायचंय, म्हटलं. "पिलाजवळ कोणी बसून राहत नाही मॅडम. पाणी दिलं का चालले." आठवीनंतर तीही बुऱ्हाणपूरला होस्टेलात जाणार. हे तिने मला फार आनंदात सांगितलं.

१२ ऑक्टो., रवि.
स.चं तिकीट वेटिंगवर. सकाळपासून तिने दोनदा कळवलंय, वर कोमट पाणी पी म्हणून. मैत्रिणी आज संध्याकाळी कोकणची गाडी ठरवणार. खोकला नाही हे सांगायचं तर त्याआधीच सांगायला हवं.
तिने यावं असं मला वाटतं. फार वाटतं. पण खोकल्यासाठी नको.
सोऱ्या माळ्यावरून काढलाय. दोनदा तिचा नंबर काढला. दोन्ही वेळा म्हटलं, आधी हा घासून घेऊ.