रावसाहेबांना नोटीस आली नाही

२ मार्च
आजही नाही आली! मोर्चा-धरण्याआधी चौकीतून नोटीस येते — शांतता भंगली तर आपणांस जबाबदार धरण्यात येईल. चाळीस वर्षांची रीत. ह्यांनी सही करायची, मी हवालदारांना चहा द्यायचा. यंदा जागतिक व्यापार संघटनेच्या बैठकीविरुद्ध धरणं आहे, आणि ह्यांना कोणी विचारलेलं नाही. सकाळपासून दाराकडे तोंड करून बसलेत.

४ मार्च
भाजी घेताना हवालदार मच्छिंद्र भेटले. न राहवून विचारलंच. "काकू, साहेबांनी यादीतनं नाव काढलं. लकवा मारल्यापास्नं आठ महिनं रावसाहेब तीन जिने तरी उतरलेत का?" म्हटलं, एक पाठवा ना, त्यांना बरं वाटेल. "नोटीस म्हंजे लग्नाची पत्रिका हाय का, काकू?"

घरी येऊन सांगून बसले. सांगायला नको होतं. "म्हणजे माझ्यापासून आता धोका नाही, असं सरकारचं मत झालं," एवढंच म्हणाले. जेवले नाहीत. मला इतका राग त्या आजाराचाही आला नव्हता.

५ मार्च
अर्धी भाकरी खाल्ली.

७ मार्च
ऋतुजा आली — यवतमाळची, इथे कॉलेजात आहे, धरण्याचं सगळं तीच बघते. जमावबंदी लागू आहे, म्हणून परवानगीच्या अर्जावर जबाबदार माणसाची सही हवी. मुलं कचरतात. "काकू, केस झाली तर जॉबच्या व्हेरिफिकेशनमध्ये येतं ना." तिचंही काही चूक नाही.

ह्यांनी पेन मागितलं. उजवा हात कागदावर ठेवला, पण बोटं वळेनात. ऋतुजा खिडकीबाहेर बघायला लागली. गुणाची पोर.

मग मी पेन घेतलं. मला व्यापारातलं फार कळत नाही. पण आमच्या रेशनसाठी सरकारनं किती गहू घ्यावा हे सातासमुद्रापलीकडच्या बैठकीत ठरावं, हे पटत नाही. आणि पटत नाही असं चार जणांनी एकत्र बसून सांगायलाही घाबरायचं, हे तर मुळीच नाही. सही केली. ह्यांच्याकडे बघायचं धाडस मात्र झालं नाही.

१० मार्च
नोटीस आली — माझ्या नावानं! मच्छिंद्रच बिचारे अवघडले. चहाही मी केला, सहीही मीच केली. हे दिवसभर दाराकडे पाठ करून बसले. दुखावले असणार, माझंच चुकलं, असं घोळत राहिलं मनात.

संध्याकाळी म्हणाले, "जुन्या चपला घाल. व्हॅनमध्ये चढताना नव्या जातात. बीपीच्या गोळ्या पिशवीत नको, पदराला बांध. पिशव्या काढून घेतात." मग, "भीती वाटतेय?"

हो म्हटलं.

"मलाही वाटायची. दर वेळी. तुला कधी बोललो नाही."

इतक्या वर्षांचा संसार, आणि हे मला आज कळतंय. हात हातात घेऊन बसले मी. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भाताचा लगदा झाला.

१३ मार्च
सकाळी परवानगी नाकारली. तरी बसलो, पस्तीस जण. तासाभरात उचललं, दुपारभर पोलिसांच्या मैदानावर ठेवलं, दिवेलागणीला सोडलं.

फाटकाशी रिक्षा, आणि रिक्षाचा दांडा धरून हे उभे. जिने कसे उतरले, सांगत नाहीत. पहाऱ्यावरच्या पोरीनं विचारलं, "आजोबा, आपण कोण?"

"मी शकूबाईंचा नवरा," हे म्हणाले.