हौदावरची चीर

मुखेड, मंगळवार, दिवेलागण

आमच्या अंगणात हौदावरचा स्लॅब तेवढा गुळगुळीत, म्हणून बीएमएक्स सायकलच्या गिरक्या मी तिथंच घेते. आज पुढच्या चाकावर फिरताना आपटले. चाकाजवळचा लोखंडी दांडा स्लॅबवर बसला आणि वीतभर चीर गेली. खालचा कोरडा हौद केवढा घुमला!

आईनं विचारलं, "लागलं का गं?"

"न्हाई," म्हणाले आणि चिरेवर सायकल आडवी टाकली. खरं सांगितलं तर सायकल बंद होईल.

आत्ता सायकल उचलून पाहिलं. चीर हातभर झालीय. उद्या टँकर येणार, त्याआधी हौद धुवायला आई आत उतरणार. सकाळपर्यंत सांगेन ना मी?

अंगणातून आईच हाक मारून राहिली, "खराटा दे गं, आत्ताच उतरते."

तिला अडवायला पळते.