दुसऱ्या नंबरची थाप

कुंभकोणम,
१२ सप्टेंबर

सोमास्कंदन मास्तरांना,
वडिवांबाळचा दुरूनच नमस्कार.

लग्नाची दगदग उतरली असेल. जेवण झकास होतं. पायसम तर मी दोनदा मागून घेतलं.

"वडिवू, नातीच्या लग्नात तविलावर थाप तूच मारायची," असं तुम्ही घरी येऊन म्हणालात, तेव्हा मी काय म्हटलं आठवतं? "वाजवीन, पण दुसरी म्हणून. पहिला मुरुगय्यन. निकाल तुमचाच आहे." तुम्ही हसलात. "अजून तेच धरून बसलीस होय गं!"

हो, तेच धरून बसलेय! संगीतशाळेच्या शेवटच्या परीक्षेत सगळे ताल मी न अडखळता वाजवले, आणि तुम्ही भर वर्गात माझ्या कपाळाकडे बोट केलंत. "बघा, घामाचा टिपूस नाही! हिला देवानं दिलंय, हिनं काय मिळवलं? गुण कष्टाला." मुरुगय्यन दोनदा चुकला, पण घामानं निथळत होता. तो पहिला. पहिल्याला देवळातली नोकरी. माझे अप्पा त्याच देवळात वाजवत म्हातारे झाले. माझ्यासाठी त्या जागेवर डोळे लावून बसले होते. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "वडिवू, थोडा घाम आणता आला नाही का गं?" गेले तेव्हाही त्यांना वाटत होतं, चूक माझीच.

असो. मुहूर्ताचं लिहिते. तुम्हीच शिकवलंत, नवरीच्या गळ्यात मंगळसूत्राची ताली बांधताना वाद्यं अशी कडाडली पाहिजेत की कुणाची शिंकसुद्धा ऐकू येता कामा नये. आणि पहिल्याची थाप पडल्याशिवाय दुसऱ्यानं हात उचलायचा नाही, हेही तुम्हीच.

भटजींनी बोट हलवून खूण केली. मला दिसली. मुरुगय्यन तोंडावरचा घाम पुसत होता. मांडव चिडीचूप, आणि त्यात नवऱ्याच्या मामांची सणसणीत शिंक!

"अगंबाई, वाजंत्री मेले की काय?" नवऱ्याची आत्या ओरडली. तुमच्या नातीचा, पूंगोदैचा, चेहरा पांढराफटक पडला. निघताना तिनं नारळाची पिशवी माझ्या हातात दिली, पण वर पाहिलं नाही. त्या पोरीचं वाईट वाटतं. तुमचं नाही.

सगळे मुरुगय्यनला शिव्या घालतायत म्हणे. त्याला नका घालू. खूण दिसताच माझे हात आपोआप वर आले होते, मास्तर. मी ते मांडीवर दाबून धरले. तेवढे कष्ट मला जन्मात कधी पडले नव्हते. पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

त्याचे गुण तेवढे द्या.

तुम्हीच ठरवलेली दुसरी,
वडिवांबाळ