वाढत्या अंगाचं कॅलिपर

मुहैस्नाह, दुबई. १२ मार्च २००९, दुपारी दीड. चामड्याला भोकं पाडतोय.

ती. आईस,

इथे आम्ही पॅलेस्टाईनहून आलेल्या अपंग मुलांसाठी कॅलिपर, म्हणजे पायाला बांधायचे आधार, बनवतो. पैसे एक धर्मादाय संस्था देते, पण मंदीत तिचे देणगीदार गळाले. पुढच्या वर्षी आठ वर्षांच्या सलमाला नवं मिळेल की नाही, या धास्तीने मी तिचं कॅलिपर वाढत्या अंगाचं केलं, तू माझे गणवेश शिवायचीस तसं. आज सकाळी ते घालून ती दोन पावलं चालली आणि पडली.

आमचे मुख्य कारागीर, वसईचे गॅविन अंकल, ओरडले, “अरे, हे कॅलिपर आहे, शाळेची चड्डी नाही!”

“पण पुढच्या वर्षी काय, अंकल?”

“पुढचं पुढे बघू. रविवारी तिला शाळेत चालत जायचंय.” (इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारी, रविवारी शाळा उघडते.)

सलमा गुडघा चोळत मला म्हणाली, “यल्ला, जल्दी!”

म्हणून जेवण सोडून नवं करतोय, आजच्या मापाचं. भीती मात्र गेलेली नाही. तुला घोर लागेल, म्हणून हे पत्र टाकणार नाही.

तुझा अंकुर

खर्च: चामडं, चाळीस दिरहम, म्हणजे पाचशे साठ रुपये, माझ्या खिशातून.
येणं: दोन महिन्यांचा पगार.
देणं: सलमाला, रविवारच्या आत, एक कॅलिपर.