जोहाच्या मापाचा कुर्ता

मु. कोन,
रविवार, ५ एप्रिल २०२६

प्रिय पप्पा,
सप्रेम जय भीम.

मी मजेत, आई मजेत, गुडघा सोडला तर आजोबाही मजेत. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तुम्ही अंगठा दाखवून मोकळे झाला असता, म्हणून कागद.

आधी बातमी. यंदा चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत लेझीमच्या पथकात मी सगळ्यात पुढे आहे. शिट्टी माझ्याकडे. आमच्याकडे ती आजवर पोरांच्याच हातात असायची, त्यामुळे मामाचा भूपेशदादा तोंड फुगवून बसलाय. दंड भरून आलेत, घसा बसलाय, पण झोपेतही पाय थांबत नाहीत. आई लाथा खाते.

तुमचा पांढरा कुर्ता भूपेशदादाने आणून दिला. तुम्ही आणि आई वेगळे झालात तेव्हा मी दुसरीत होते. आता अकरावी संपली, पण जयंतीचा कपडा कधी चुकला नाही. कपडा येतो, तुम्ही येत नाही. आणि तो दर वर्षी इतका बरोब्बर बसायचा की मला वाटायचं, तुम्ही शाळेबाहेर कुठेतरी उभे राहून मला बघत असणार. मैत्रिणींनाही तसंच सांगायचे.

यंदाचा घातला, लेझीम वर नेली आणि काखेत टर्रकन उसवला. वर्षभरात मी ताडमाड वाढलेय, तुम्हाला कोण सांगणार?

म्हणून काल तो घेऊन नारपोलीला तुमच्या खोलीवर आले होते. तुम्ही पॉवरलूमवर ड्युटीला होता. शेजारच्या सफिया चाचींनी बसवून घेतलं, चहा दिला. कुर्ता बघून हसायलाच लागल्या. "अरे बेटा, ये तो हमारी जोहा के नाप का है. तेरे पप्पा हर साल उसीको टेलर के पास ले जाते हैं. तुम दोनों एक ही महीने की हो ना." जोहा तिथेच उभी होती. माझ्या खांद्याला लागते. पोरगी गोड आहे, पण मला तिचा इतका राग आला की चहा तसाच टाकून उठले. माझा बाप माझं माप घ्यायला तिला उभं करतो. कोनला यायला रिक्षा मिळत नव्हती का? येताना रिक्षात रडले, हे आईला सांगितलेलं नाही.

घरी येऊन आजोबांशी भांडले. "या घरात पाय ठेवायचा न्हाय," असं तेच तुम्हाला म्हणाले होते ना? तुम्हीही काय शहाणे, तो शब्द काळ्या दगडावरच्या रेघेसारखा पाळलात. आजोबांनी गुडघा चोळायला घेतला. मग म्हणाले, "राग मोठ्यांचा व्हता. पोरीचा काय गुन्हा हाय? येऊ दे त्याला."

आईला विचारलं. ती म्हणाली, "चहा मी करणार नाही. पण आला तर हाकलणारही नाही." आईच्या मानाने हे खूप आहे, पप्पा. चहा मी करेन.

कुर्ता परत पाठवतेय. काखेत टाके घालून जोहाला द्या, तिला छान दिसेल. आणि मिरवणूक बघायला तिलाही घेऊन या, मी काल तिच्याशी फार तुसडेपणाने वागले.

नवा शिवायला अजून वेळ आहे. पण या वेळी भूपेशदादाबरोबर पिशवी पाठवायची नाही. टेलरकडून टेप मागून घ्या आणि स्वतः या. मी दारात सरळ उभी राहते, तुम्ही माप घ्या.

लवकर या. मी अजून वाढतेय.

तुमचीच,
मृणाली