कुंताबाईंचं चालणं

१२ जानेवारी १९८१, पवनी

ताराचंदजी गेले! म्हणजे वर नाही — माझ्या वॉकिंग ग्रुपमधून.

हार्ट अटॅकनंतर रोज सकाळी चालायचं, हळूहळू अंतर वाढवायचं. इतकंच तर आहे! पण आज मी तिन्ही पेशंट्सना नदीच्या रस्त्यानं नेलं. थंडी म्हणून ताराचंदजी आणि सुखराम डोक्याला पांढरे दुपट्टे गुंडाळून, कुंताबाई पदर ओढून, माना खाली. सगळ्यात पुढे मी. समोरून एक म्हातारी आली, थांबली, हात जोडले — "कोन गेलं जी?"

ताराचंदजी तिथूनच वळले. "म्याडम, चालाले ना नाही. पन जित्तेपनी घाटावर नका नेऊ!"

आधी हसू आलं. रूमवर येऊन रडू.

१५ जानेवारी

सुखराम पण बंद. "आता दुखत नाही, त कायले चालू?" अरे, दुखू नये म्हणूनच तर चालायचं!

मोठे डॉक्टर म्हणाले, "पोरी, इंटर्नशिप कर, क्रांती नको करू. हार्टवाले खाटेवरच बरे. उरलेली एक बाई पण सुटली की हा तमाशा बंद."

उरलेली एक बाई म्हणजे कुंताबाई. धानाचे व्यापारी भैय्याजी, त्यांची बायको. दिवाळीच्या आधी अटॅक आला होता. दवाखान्यात यायची तर दोन पावलांवर श्वास लागायचा. तीच टिकणार? वाटत नाही.

२३ जानेवारी

टिकली! रोज! धुक्यात पण! बाप्पा, काय बाई आहे!

रस्ताही तिनंच निवडला — तलावाच्या पाळीवरचा. सपाट, मोकळा. मी म्हटलं, परफेक्ट. "मी एकटीच जाईन," म्हणाली, तेही चांगलंच. परत येताना दवाखान्यात थांबते, मी पल्स बघते. रोज थोडी बरी.

भैय्याजी आधी अडले होते — "आमच्या घरच्या बाया अशा रस्त्यानं हिंडत नाही." मी तोंडावर सांगितलं, चालल्या नाही तर परत अटॅक येऊ शकतो. मग, "जाऊ द्या मंग."

वस्तीतल्या बायका विचारतात, "कुठं जाऊन राहिल्या सकाळी सकाळी?" कुंताबाई ऐटीत सांगते, "डाक्टरनं सांगतलं!" आणि पुढे. नागपूरला माझ्या सरांना हिच्यावर लांब पत्र लिहायचं. विलपॉवर म्हणजे काय ते हिच्याकडून शिकावं!

८ फेब्रुवारी

रविवार. ओपीडी नाही. म्हटलं, सरप्राइज देऊ — मी न सांगता पाळीवर गेली.

लांबून कुंताबाई दिसली. काय स्पीड! साडीचा काठ उचलून धरलेला, मी चोवीस वर्षांची, मलाच दम लागला! पाळ संपते तिथं ढिवरांची घरं आहेत, बाहेर जाळी वाळत होती. त्यातल्या एका घरात घुसली. मी पोचली तर ओट्यावर आरामात बसलेली! मांडीवर एक लहान पोट्टी, तिच्या डोक्याला तेल लावणं चालू.

चीटिंग!! मी म्हटलंच — "हे चालणं आहे?"

आतून एक बाई बाहेर आली. डोळे हुबेहूब कुंताबाईंचे. चंद्रकांता — तिची मुलगी. मुरारी ढिवराशी तिनं आपल्या मर्जीनं लग्न केलं, तेव्हापासून भैय्याजींनी तिचं नाव टाकलं. बायकोलाही बजावून ठेवलंय — तिच्या दारात गेली तर माझ्या दारात येऊ नको. नात रांगायला लागली तरी आजीनं पाहिलेली नव्हती. पाहिली ती जानेवारीत. माझ्या एक्सरसाइजमुळे!

"लवकर पोचलं त जास्त वेळ भेटते, बेटा," कुंताबाई म्हणाली. "म्हनून पाय आपोआप चालते."

मुरारी जाळं सांधत होता. मान वर न करता — "आमच्या सासूबाईले वकील नाही, डाक्टर कामी आला!"

तिथंच पल्स पाहिली. इतक्या स्पीडनं येऊन इतकी छान! चहा प्यायली. पोट्टीनं माझा स्टेथोस्कोप चावला.

मोठ्या डॉक्टरांना फक्त पल्स सांगणार.

२० फेब्रुवारी

काय मूर्ख आहे मी!

भैय्याजी त्यांच्या दुकानात दिसले. मला कौतुक आवरेना — "कुंताबाई एकदम फिट! पहिली पेशंट माझी, कोर्स पूर्ण!"

"म्हनजे आता चालनं बंद?"

मागच्या दारात कुंताबाई चहाचा कप घेऊन उभी. माझ्याकडे नुसती पाहत राहिली. मी "तसं नाही" म्हणेपर्यंत धानाची बैलबंडी आली, भैय्याजी उठले. "बरं झालं," म्हणाले.

२१ फेब्रुवारी

आली नाही.

२३ फेब्रुवारी

आजही नाही. मोठे डॉक्टर — "गेली का शेवटची?"

मी तिच्या घरी गेली. खाटेवर पडून होती, भिंतीकडे तोंड करून. "दुखत नाही ना बेटा काही. बरी झाली मी." पल्स धावत होती.

मी बाहेर येऊन भैय्याजींसमोर उभी राहिली. म्हटलं, "माझं चुकलं. कोर्स संपत नसतो. ह्या पेशंटला जन्मभर चालावं लागतं. रोज." आणि हे तर शंभर टक्के खरं आहे!

त्यांनी चष्मा काढला.

"तलावाकडूनच?"

"हो... तिकडची हवा चांगली आहे."

"हवा," म्हणाले. आणि धान मोजायला गेले.

२४ फेब्रुवारी

पाळीवर कुंताबाई! त्याच स्पीडनं!!

३ मार्च

ओपीडीच्या लाइनीत भैय्याजी. छाती तपासली, बीपी पाहिलं. सगळं नॉर्मल. तसंच लिहिलं. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, परत माझ्यापुढे सरकवला.

"हे नॉर्मल खोडा जी. मलेही चालाले लागते, असं लिहा."