जी म्हणजे गणपती

१० नोव्हेंबर, सोमवार
दत्तजयंतीपर्यंत गल्लीचा दहा लाख नामजप करायचा. संकल्प माझ्या तानुआत्तीचा. वय पंच्याऐंशी, अक्षरओळख नाही, फोनवरचे आकडे तेवढे कळतात. म्हणाली, दहा लाख कसं दिसतं रं मधू, एकदा बघायचं हाय. देवळात दिव्यांचा बोर्ड लावून रोजचा आकडा दाखवायचं काम मी घेतलं. प्रोग्रॅम स्वतः लिहिणार. यूट्यूबवर चार धडे झाले. भाषा सोपी आहे. नाव पायथन, म्हणजे अजगर. बायको, उमा, म्हणाली, देवळात न्यायच्या आधी नाव तरी बरं बघायचं.

१३ नोव्हेंबर
बोर्ड लागला. जप ८५,२१४. पण बोर्डवर त्याच्यापुढे टिंब आणि सहा शून्यं. टिंब लांबून दिसत नाही. शेजारचे नानासो म्हणाले, साडेआठ हजार कोटी? गड्या, देवाला जरा दम खाऊ द्या की.

१४ नोव्हेंबर, पहाटे
दोष सापडला. आकडा कसा छापायचा ते एक अक्षर ठरवतं. मी एफ घातलं होतं. एफ म्हणजे फजिती. आता जी घातलं. शून्यं गेली. जी म्हणजे गणपती. पुस्तकं वाचून हे सुचत नाही.

१५ नोव्हेंबर
लाख पार. आकडा स्वच्छ. स्वल्पविराम तेवढा नाही. उद्या घालणार.

१६ नोव्हेंबर
घातला. तीन-तीन आकड्यांवर पडतो, साहेबी. आपला लाख मधोमध तुटला. काढून टाकला. साधेपणा देवाला आवडतो.

२३ नोव्हेंबर, रविवार
अंकिता साताऱ्याहून आली. कंपनीत हेच काम करते. म्हणाली, बाबा, जी काढा, डी घाला. न्हाईतर एकदा दहा लाख टाकून बघा तरी. जप झाला नसताना दहा लाख दाखवणं म्हणजे देवाशी खोटं बोलणं. तसं सांगितलं. म्हणाली, मग देवच बघून घेईल. पोरीची श्रद्धा वाढते आहे.

२ डिसेंबर
नऊ लाख वीस हजार. जेवण जात नाही. कामावरून आल्यापासून तीनदा देवळात जाऊन बोर्डची वायर हलवून आलो. उमा म्हणाली, टाकून बघा की एकदा, देव काय कम्प्लेंट करतोय व्हय? अंकिताचा नंबर काढला. फोन खाली ठेवला. बापानं लेकीला विचारणं बरं दिसत नाही. शिवाय चुकायला काही उरलेलंच नाही.

४ डिसेंबर, दत्तजयंती
शेवटचं एक नाम आत्तीनं घ्यायचं ठरलं होतं. बोर्डवर 999999. आत्तीनं हात जोडून नाम घेतलं. मी बटण दाबलं.

1e+06

आत्ती बोर्डजवळ गेली. एक, म्हणाली. मग कायतरी वाकडं. मग अधिक, शून्य, सहा. एकच झाला व्हय रं मधू? नानासो म्हणाले, आवं आत्ती, एक आन् सहा, सात झालं. मी सांगितलं, शास्त्रात दहा लाखाचा आकडा असाच लिहितात, एकावर सहा शून्यं. आत्ती म्हणाली, शास्त्राचा ऱ्हाऊ दे, आपला दाव.

मला दाखवता आला नाही. आत्ती म्हणाली, माझंच कुटं तरी मन हाललं आसंल. बसली, आणि माळ पुन्हा पहिल्या मण्यापासून धरली.

बाहेर येऊन अंकिताला फोन केला. ती हसली नाही. बाबा, डी, एवढंच म्हणाली. एक अक्षर बदललं. बोर्डवर 1000000, सगळी शून्यं ओळीनं उभी.

पण आत्तीचे डोळे मिटलेले. माळ पुरी झाल्याशिवाय उघडत नाही. बोर्ड चालू ठेवून शेजारी बसलो आहे.

डी म्हणजे दत्त. महिनाभर नाव त्याचंच चाललं होतं.